पूर्वभागाचे उपवास

परदेशात कुठे तोफ उडाली की आपल्याकडे आधी बैठक होते. बैठकीतून समिती निघते, समिती दौरा काढते, दौऱ्याचा अहवाल येतो, आणि त्या अहवालावर मदत मंजूर होईपर्यंत ज्याला ती हवी होती तो गाव तरी सोडून गेलेला असतो किंवा जग तरी. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. सरकार दुष्ट असतं असं नाही, पण त्याला कळतंच उशिरा. माणसाच्या ताटात काय पडतं ते मंत्रालयाच्या खिडकीतून दिसत नाही आणि घरी जाऊन विचारावं तर माणूस खरं सांगत नाही. कुणी भुकेचा आव आणतो, कुणी भरल्या पोटाचा.

म्हणून मग गटाराला विचारायचं ठरलं.

कल्पना म्हटली तर साधी होती. वस्तीनं काल काय खाल्लं, किती खाल्लं, कशाची धास्ती घेतली, हे सगळं दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या सांडपाण्यातून वाहत असतं. डाळीच्या आणि मटणाच्या खुणा वेगळ्या, पालेभाजीच्या वेगळ्या. चिंता वाढली की शरीर एक द्रव्य जास्त सोडतं, तेही उतरतं. आणि माणसं किती हे मोजायला क्रिएटिनिन नावाचा एक पदार्थ आहे, तो प्रत्येकाच्या लघवीतून रोज साधारण ठरल्या मापात जातो. तेलाच्या डब्याएवढी एक पेटी मुख्य चेंबरमध्ये उतरवली की ती दर तासाला घोटभर पाणी ओढून हे सारं मोजत बसे आणि वस्तीचा एक आकडा काढी. त्याला ‘ताट-अंक’ म्हणत. परदेशी संकट जाहीर झाल्यावर एखाद्या वस्तीचा ताट-अंक तिच्या सामान्य पातळीपेक्षा पाचव्या हिश्शानं घसरला, की तिथे धान्य, गॅस आणि मजुरीचा आधार आपोआप निघायचा. अर्ज नको, रांग नको, नगरसेवकाची चिठ्ठी नको. लोकांनी या पेटीचं नाव ठेवलं गटारजोतिषी. बाकीच्या जोतिषांपेक्षा हा बरा, असंही लोक म्हणत, कारण हा पुढचं सांगत नाही, झालेलं सांगतो.

सोलापूरच्या केंद्राची प्रमुख होती श्यामला गड्डम. शहराच्या पूर्वभागातल्या विणकरांच्या घरातली पोर. घरी तेलुगू, शाळेत मराठी, आणि पुढे पुण्यात रसायनशास्त्र शिकून पुन्हा गावी. स्वभाव असा, की एखादी गोष्ट का होते हे कळेपर्यंत तिला जेवण गोड लागायचं नाही, आणि कळलं की ती दुसऱ्याला सांगितल्याशिवाय झोप नाही. दिवसभर गटाराच्या पाण्यात हात घालणाऱ्या बाईला स्थळं कशी येणार, असं आई म्हणायची. श्यामला म्हणायची, आली असती तर मीच पळवून लावली असती.

पेटी बाहेरच्या देशात घडलेली होती, तेव्हा तिला इकडच्या चालीरीती शिकवणं भाग होतं. तंबाखूचा अंश वाढला की माणसं काळजीनं सिगारेटी ओढताहेत, असं पेटीला वाटे. सोलापुरात तो वाढतो विड्या वळणाऱ्या बायकांच्या बोटांतून, म्हणजे काम जोरात आहे. हे श्यामलानं तिला शिकवलं. दुसरा धडा जरा महागात पडला. पहिल्याच वर्षी कुठल्याशा देशाच्या तेलविहिरी पेटल्या, संकट जाहीर झालं, आणि भाद्रपदात धान्याचे ट्रक जाऊन उभे राहिले ते थेट एका सुखवस्तू व्यापारी पेठेत. जैनांचं पर्युषण चालू होतं. घरोघरी कडकडीत उपवास, आणि पेटीला वाटलं पेठ उपासमारीनं मरते आहे. शेठ मंडळी आधी चकित झाली, मग पोट धरून हसली, आणि सगळं धान्य तसंच पुढे पांजरपोळाला आणि अनाथाश्रमाला पाठवून मोकळी झाली. वर्तमानपत्रांनी मात्र सरकारची चांगलीच हजेरी घेतली.

तेव्हा श्यामलानं ‘उपवास-दुरुस्ती’ लिहिली. पोट रिकामं राहिलं की शरीर साठवलेली चरबी जाळतं. त्या जळणाची राख म्हणजे कीटोन, आणि तीही पाण्यात उतरते. श्यामलाचा नियम असा, की कीटोन वाढले पण बाकीचं ताट भरलेलं दिसतंय, तर तो उपवास समजावा आणि हिशेबातून वगळावा. नियम इतका चपखल बसला की सरकारनं तो राज्यभर लावला आणि श्यामलाला मुंबईला बोलावून शाल दिली. ज्या देशात आठवड्याच्या प्रत्येक वाराला कुणी ना कुणी देव उपाशी बसवतो, तिथे हे आधीच सुचायला हवं होतं, असं सगळे म्हणाले.

मग ते साल आलं. दूर कुठेतरी दोन देश भांडले आणि त्यांच्यामधली चिंचोळी सामुद्रधुनी बंद पडली. नकाशावर बोटानं झाकली जाईल एवढीच ती, पण जगाचं कितीतरी तेल तिच्यातून जायचं. सुताचा भाव चढला, विजेचा चढला, गॅस तर दिसेनासा झाला. परदेशी जाणारे सोलापुरी टॉवेल बंदरातच अडकले आणि नव्या मागण्या थांबल्या. पूर्वभागातले यंत्रमाग एकेक करत गप्प झाले. तिथल्या लोकांना खडखडाटात गाढ झोप लागायची. आता शांततेनं जाग यायला लागली.

सरकारनं संकट जाहीर केलं. राज्यातल्या वस्त्या नकाशावर एकेक करत तांबड्या झाल्या आणि ट्रक निघाले. भिवंडीला गेले, इचलकरंजीला गेले. सोलापूरचा पूर्वभाग मात्र हिरवाच राहिला. नुसता हिरवा नाही, त्याचा ताट-अंक किंचित वरच सरकला.

मदत विभागाचे सचिव पद्माकर केळुसकर यांचा फोन आला तेव्हा ते खुशीत होते. माणूस सज्जन. सरकारी नोकरीत तीस वर्षं काढूनही त्यांना अजून लोकांचं वाईट वाटायचं. पूर्वभागानं कमाल केली, ते म्हणाले, मंत्र्यांनी सभागृहात उल्लेख केला, विणकर समाज किती चिवट असतो बघा. श्यामलानं सांगितलं की तिला आकडे चमत्कारिक वाटताहेत. कीटोन वाढलेत, म्हणजे उपवास वाढलेत. पण मांसाची खूणही वाढली आहे. एकाच वस्तीत उपवासही जास्त आणि मटणही जास्त, हे कसं? केळुसकर मोकळेपणानं हसले. आमच्या घरात हेच असतं, म्हणाले. बायको चतुर्थी धरते आणि मी बाजारातून सुरमई आणतो.

श्यामलालाही ते पटलं. तिच्या लहानपणी आई शुक्रवार धरायची आणि बाप रविवारची वाट बघायचा. बायका उपाशी आणि पुरुष तुपाशी, यात नवल ते काय? कुठल्याही मराठी-तेलुगू माणसाला पटावं असंच ते स्पष्टीकरण होतं, आणि म्हणूनच ते कुणी तपासलं नाही. चिंतेचं द्रव्यही वाढलं होतं, पण टीव्हीच्या कृपेनं तेव्हा सगळा देशच धास्तावलेला होता, म्हणून ती मोजणी आधीच बाजूला काढली होती.

पण श्यामलाची खोड काही गेली नाही. रविवारी ती पूर्वभागातल्या मटणाच्या दुकानांवरून हिंडून आली. तीनातली दोन बंद होती. तिसऱ्यात एक बोकड अर्धा तसाच टांगलेला होता आणि खाटीक वर्तमानपत्रानं माशा वारत बसला होता. गिऱ्हाईक कसं काय, विचारल्यावर तो म्हणाला की वजनकाटा गंजायची वेळ आली आहे, तुम्ही तरी घ्या. श्यामलानं अर्धा किलो घेतलं आणि जवळच राहणाऱ्या बहिणीकडे गेली. मटण कुणी विकत घेत नाही, तर मग ते गटारात येतंय कुठून, हा प्रश्न ती वाटभर चघळत होती.

नागमणी अक्का तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. आई गेल्यापासून तीच आईच्या जागी. नवरा अंबादास, म्हणजे श्यामलाचा बावा, टॉवेलच्या कारखान्यात मागावर, आता घरी बसलेला. दोन मुली शिकणाऱ्या. मटण बघून घरात आनंद झाला. अक्कानं रस्सा केला, मुलींना वाढलं, नवऱ्याला वाढलं, श्यामलाला आग्रह करकरून वाढलं, आणि स्वतः पदराला हात पुसत बाजूला बसली.

“तू बस की,” श्यामला म्हणाली.

“माझा उपास हाय आज.”

रविवारी कुणाचा उपास असतो, असं श्यामलानं विचारलं तर सूर्यनारायणाचं व्रत धरलंय म्हणाली. दोन दिवसांनी श्यामला पुन्हा गेली तर मंगळवार होता, आणि मंगळवार तर देवीचा. मधल्या सोमवारचं मुलींना विचारलं. सोमवार शंकराचा. थोरली सहज म्हणाली, अम्माचे आजकाल सगळेच वार असतात, देवावर फार भरोसा बसलाय तिचा. अंबादास बावानंही मान डोलावली. बायकोच्या भक्तीचा त्याला थोडा अभिमानच होता.

श्यामला पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेली. उपवासाचं घर ओळखायला शिक्षण लागत नाही. एकादशी अन् दुप्पट खाशी असा आपला उपवास असतो. साबुदाणा भिजलेला असतो, शेंगदाण्याचं कूट असतं, बटाटा उकडलेला असतो, निदान एखादं रताळं तरी कोपऱ्यात पडलेलं असतं. अक्काच्या फळीवर यातलं काही नव्हतं. आणि शेंगाचटणीचा डबा उघडला तर तो धुऊन पालथा घातल्यासारखा कोरडा. सोलापुरात गरिबाच्या घरी एक वेळ भाजी नसेल, पण ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी नाही असं होत नाही. श्यामलानं डबा झाकून जागच्या जागी ठेवला.

ती बहिणीला काही बोलली नाही. बोलली असती तर अक्कानं तिला हाताला धरून बाहेर काढलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, या एका म्हणीवर त्या घराचा संसार चालला होता. श्यामला सरळ प्रयोगशाळेत गेली.

बटाट्यात एक द्रव्य असतं, ते बटाटा खाल्लेल्या माणसाच्या पाण्यात सापडतंच. शेंगदाण्याचीही अशीच एक खूण आहे. पेटी या दोन्ही गोष्टी रोज नोंदत होती, पण त्या ताट-अंकात धरलेल्या नव्हत्या, कारण ज्यांनी पेटी घडवली त्यांच्या देशात शेंगदाणे म्हणजे दारूबरोबर तोंडात टाकायची चीज. श्यामलानं पूर्वभागाचे आकडे काढले. कीटोन चढत गेले होते आणि बटाटा, शेंगदाणा दोन्ही तळाला गेले होते. हा उपवास नव्हता. असलाच तर फराळाशिवायचा, आणि रोजचा.

मग मांस कुठून आलं? हे उत्तर तिला माहीत होतं, फक्त इतके दिवस ते आठवलं नव्हतं. मांसाची खूण म्हणून पेटी जे मोजायची ते मिथाइलहिस्टिडिन नावाचं द्रव्य स्नायूंमध्ये असतं. बोकड खाल्ला की बोकडाच्या स्नायूंतलं उतरतं. पण माणूस बरेच दिवस अर्धपोटी राहून विड्या वळत, पाणी भरत, कष्ट करत राहिला, की चरबीनंतर शरीर स्वतःच्या स्नायूंना हात घालतं, आणि तेव्हाही तेच द्रव्य उतरतं. पेटीला दोन्ही सारखंच. पूर्वभाग मांस खात होता हे खरं होतं. तो स्वतःचंच मांस खात होता. आणि पेटीनं त्याबद्दल त्याला वरचे गुण दिले होते.

श्यामला त्या आकड्यांसमोर बसून रडली. तिथे पाहायला कुणी नव्हतं, आणि असतं तरी ती रडलीच असती. मग तोंड धुऊन तिनं केळुसकरांना फोन लावला आणि नवा नियम सुचवला, की कीटोनबरोबर बटाटा-शेंगदाणा दिसला तरच तो उपवास धरावा, नाहीतर भूक.

केळुसकरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी शास्त्रातलं विचारलं, कारण त्यांना खरोखर समजून घ्यायचं होतं. पर्युषणासारखे कडक उपवास आले तर? तिथेही बटाटा-शेंगदाणा नसणार, म्हणजे नवीन नियम त्यांनाही उपाशीच म्हणणार. श्यामला म्हणाली, म्हणू दे. भरल्या घरी चुकून धान्य गेलं तर ते घर हसतं आणि पुढे पाठवतं, आपण एकदा पाहिलंय. उपाशी घरी चुकून गेलं नाही तर ते घर काहीच बोलत नाही. मग चूक करायचीच असेल तर कुठली करावी, सर? केळुसकर म्हणाले, मान्य. पण घाई करा. घट बसले की राज्यभर नवरात्राचे उपवास सुरू होतील आणि सगळे आकडे गढूळ होतील, म्हणून पहिल्या हप्त्याची यादी त्याच्या आधीच बंद होणार आहे. पूर्वभाग त्यात बसवा.

इथपर्यंत गोष्ट सरळ होती. पण ज्या बाईला कळल्याशिवाय चैन पडत नाही तिच्या हातात एक फ्रीजर होता, आणि त्यात मागच्या प्रत्येक महिन्याचे नमुने गोठवून ठेवलेले होते. मदत मिळायची ती सामान्य पातळीपासून झालेल्या घसरणीवर. आजचा आकडा नवीन नियमानं मोजायचा, तर जुनी सामान्य पातळीही त्याच नियमानं मोजायला हवी. हे शास्त्रातलं पहिलीचं गणित. श्यामलानं जुन्या नळ्या काढल्या.

गेल्या वर्षी सामुद्रधुनी उघडी होती. मागण्या भरपूर होत्या, माग दिवसरात्र चालत होते, वर्तमानपत्रं सोलापुरी टॉवेलचं कौतुक छापत होती. आणि त्या वर्षीही पूर्वभागाच्या पाण्यात दर महिनाअखेरीला तेच दिसत होतं. कीटोन वर, शेंगदाणा खाली. आजच्यापेक्षा कमी, पण होतं. त्याच्या आदल्या वर्षीही. पेट्या बसल्या तेव्हापासून प्रत्येक वर्षी.

याचा अर्थ वाईट होता. पूर्वभागाची सामान्य पातळीच मुळात खाली होती. तिथून घसरण मोजली तर ती पाचवा हिस्सा भरत नव्हती. नियमाप्रमाणे पूर्वभागावर परदेशी संकट आलेलंच नव्हतं. जे होतं ते तिथलं नेहमीचंच होतं, थोडं वाढलेलं.

तिनं हे केळुसकरांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, “जुने नमुने तपासा असं तुम्हाला कुणी सांगितलं होतं का, गड्डमबाई?”

कुणीच सांगितलं नव्हतं. मग ते तिथेच राहू द्या, केळुसकर म्हणाले. आजचा आकडा नवीन नियमानं द्या, सामान्य पातळी जुनी ठेवा. पूर्वभाग तांबडा होईल, मी सही करतो, तुमच्या माणसांच्या घरी धान्य जाईल. हे सांगताना त्यांचा आवाज खाली गेला होता. ते लाच देत नव्हते की धमकावत नव्हते. एका वस्तीला वाचवायचा त्यांना दिसलेला तो एकच रस्ता होता, आणि तो थोडासा खोटा होता.

श्यामला दोन दिवस ते डोक्यात घोळवत होती. खोटं पकडलं जाण्याची भीती नव्हती, दोन माणसांशिवाय ते कुणाला समजणारही नव्हतं. अक्काच्या गालाची हाडं वर आली होती हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. मग अडलं होतं कुठे? एवढ्यावरच, की सामुद्रधुनी उद्या ना परवा उघडेल. संकट संपलं असं सरकार जाहीर करेल, पूर्वभाग पुन्हा सामान्य पातळीवर येईल, आणि ती पातळी काय आहे ते आता श्यामलाला ठाऊक होतं. अक्का पुन्हा महिनाअखेरीचे वार धरेल आणि नकाशा हिरवा होईल.

बरं, दोन्ही आकडे खरे द्यावेत तर अक्काला आजचंही मिळणार नाही. खरं बोलून बहीण उपाशी ठेवायची की खोटं बोलून तिची भूक कायमची पुरून टाकायची, असा पेच होता. श्यामलाला राग आला. आधी सरकारचा, मग सामुद्रधुनीचा, आणि सरतेशेवटी ‘सामान्य’ या शब्दाचा. गेल्या वर्षी होतं ते सामान्य, हे ठरवलं कुणी?

म्हणून तिनं शासनाचा मूळ निर्णय काढून वाचला. सामान्य पातळी केंद्रप्रमुख शास्त्रीय निकषांवर निश्चित करतील, एवढंच त्यात लिहिलं होतं. गेलं वर्ष धरायचं ही नुसती वहिवाट होती. सोयीची होती म्हणून सगळ्या केंद्रांनी धरली होती, तिनंही.

प्रौढ माणसाला दिवसाला किती अन्न लागतं ते सरकारच्याच पोषणसंस्थेनं कधीच ठरवून ठेवलेलं आहे. ते पोटात गेलं तर सांडपाण्यात काय उतरावं, याचं गणित श्यामलानं मांडलं आणि तो आकडा सामान्य पातळीच्या रकान्यात भरला. गेल्या वर्षीचं नव्हे, पोटभर ते सामान्य. उपवास-दुरुस्ती तिच्याच नावावर राज्यभर चालत होती, म्हणून ती बदलायचा अधिकारही तिचाच होता, आणि दुरुस्तीबरोबर तिची सामान्य पातळीही सगळीकडे लागणार होती. केळुसकरांनी हे नामंजूर केलं असतं तर पूर्वभागाचा पहिला हप्ताही हातचा गेला असता. हे माहीत असून तिनं ते पाठवलं.

नकाशा तांबडा झाला. पूर्वभाग तर झालाच, पण ज्यांचा त्या सामुद्रधुनीशी काडीचा संबंध नव्हता अशी गावंही झाली. जिथे टॉवेल विणत नाहीत, जिथून बंदरात काही जात नाही, अशा वस्त्या एकामागून एक पेटत गेल्या. मुंबईत एकच तारांबळ उडाली. केळुसकरांचा फोन आला तेव्हा मागे माणसांचा गलका ऐकू येत होता.

“बाई, हे संकट परदेशातलं नाही,” ते म्हणाले.

“नाही, सर.”

“या निधीतून मी फक्त परदेशातलं भागवू शकतो.”

“मग तसं जाहीर करा. म्हणावं, तुम्ही उपाशी आहात, पण लढाईमुळे नाही, म्हणून मिळणार नाही.”

पलीकडे केळुसकर हसले की खोकले ते कळलं नाही. अर्थातच कुठलंही सरकार असं जाहीर करणार नव्हतं. मंत्रिमंडळात दोन दिवस खडाजंगी झाली. कुणी म्हणालं पेट्या काढून टाका, कुणी म्हणालं त्या बाईला काढून टाका. शेवटी घट बसायच्या आदल्या दिवशी सगळ्या तांबड्या वस्त्यांना पहिला हप्ता सुटला. दुसऱ्याचं काय, हे कुणी सांगेना. श्यामलाची चौकशी लागली. केळुसकरांनी तिच्या कागदावर ‘शास्त्रीयदृष्ट्या योग्य’ असा शेरा मारून सही केली होती, म्हणून त्यांचीही लागली.

एवढ्या गडबडीत वर्तमानपत्रांनी मूळ गोष्ट मात्र पहिल्या पानावर छापली. उपवास म्हणून जे मोजलं जात होतं ते काय होतं, हे आता सगळ्यांना कळलं. पूर्वभागातल्या पुरुषांनाही कळलं.

श्यामला अक्काकडे गेली तेव्हा धान्य येऊन पडलं होतं. मुली बतुकम्मासाठी, म्हणजे तेलुगू लोकांच्या फुलांच्या सणासाठी, फुलं निवडत बसल्या होत्या. अंबादास बावा चुलीपाशी पाटावर बसला होता, आणि त्या घरात हे दृश्य श्यामलानं आजवर कधी पाहिलं नव्हतं. तो काही करत नव्हता, नुसता पहारा देत बसला होता. अक्का वर न बघता भाकऱ्या थापत राहिली.

“आधी तिला वाढ,” बावा मुलीला म्हणाला. “माझ्यासमोर खाऊ दे.” मग श्यामलाकडे न बघता म्हणाला, “शेजाऱ्यापाजाऱ्यांना मी सांगत होतो, माझी बायको लई देवभक्त हाय.”

अक्कानं तवा उतरवला. ती रागावलेली होती, आणि तो राग श्यामलाला अपेक्षित होता त्याहून मोठा होता.

“सगळ्या गल्लीत बोभाटा केलास,” ती म्हणाली. “तुला वाटलं का, सगळेच खोटे होते? त्यातले काही सोमवार खरे होते, श्यामी. पोटात काही नसताना पण देवळात गेले की बरं वाटायचं. उपाशी हाय म्हणून न्हाई, उपास हाय म्हणून. तुझ्या पेटीला ते दिसलं का?”

श्यामला म्हणाली, नाही दिसलं. दिसायची काही सोयही नाही. दोन्हींचं पाणी सारखंच असतं.

“मग आता मी खरा उपास धरला तर माझ्यावर विश्वास कोण ठेवणार? हे बघ, बसलेत पाट टाकून.” अक्काचे डोळे भरले होते. “माझे सगळे वार काढून घेतलेस तू.”

श्यामलानं दोन ताटं घेतली, दोन्हींत भाकरी आणि डाळ वाढली, एक अक्कापुढे सरकवलं आणि दुसरं घेऊन तिच्या शेजारी बसली. अक्कानं भाकरीचा तुकडा मोडला आणि नवऱ्याकडे पाठ फिरवून खायला लागली. इतके दिवस तिनं जे लपवून ठेवलं होतं ते उपाशी राहणं होतं, आणि आता तिला सगळ्यांसमोर जेवायची लाज वाटत होती.